विमानाला ट्रॅक्टरचा रेग्युलेटर

आधी चाचांचं सांगते, बाकीचं मागून. इस्लामपुरात बसस्टँडमागच्या गल्लीत मोटरी आणि इंजिनावर वीज बनवणारे अल्टरनेटर नवी तार गुंडाळून भरून देणारं त्यांचं दुकान आहे. ते माझ्या नात्यातले नाहीत. धर्म वेगळा, गाव वेगळं, वय माझ्या आज्याएवढं. तरी त्यांनी मला काम दिलं, मीटर वाचायला शिकवलं, आणि एका दुपारी पंचवीस-तीस माणसांसमोर माझ्यावर येणारा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला. नाव लिहायला त्यांनी मनाई केली आहे. "नाव लिवलंस तर दुकानाची किल्ली काढून घीन," म्हणाले. म्हणून नुसतं चाचा.

मी गोंदियाकडची. आई विड्या वळायची. तिची बोटं सुजायला लागली तेव्हा मी आठवीत होते. वर्ष संपलं आणि शाळाही संपली, मी तिच्या जागी सुपासमोर बसले. पुढं लग्न करून इकडं आले. सातारा-सांगलीकडं शेतकऱ्यांच्या मुलांना मुली मिळत नाहीत, मग मध्यस्थ आमच्याकडं येतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलून कुणी दाखवत नाही. नवरा चांगला निघाला, साखर कारखान्यात हंगामी कामाला आहे. पण लग्नाला सात वर्षं झाली तरी गावात मी 'गोंदियाची'च. नळावर मी "काहून?" म्हटलं की हंडे खाली ठेवून हसतात. "काय करून राहिली गं?" असं माझंच बोलणं मला ऐकवतात. सुरुवातीला मीही हसायची. आता हसत नाही.

चाचांकडं गेले ती विहिरीची मोटर आणायला. ते चष्मा कपाळावर चढवून बारीक तार गुंडाळत होते आणि तार तुटली की तिला शिव्या देत होते. मी म्हटलं, बघू का? त्यांनी न बोलता बॉबिन पुढं सरकवलं. सबंध गुंडाळी झाली तरी तार एकदाही तुटली नाही.

"बोटं कुठं शिकली गं?"

"विड्यांत."

"मग उद्यापासनं ये. हितं तंबाखू न्हाई, पर बाकी त्येच काम."

तर त्या दुकानातली एक रीत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्यांना वीज पुरत नाही. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना लुकलुकणारे दिवे, आणि सीटमागं कपाटाएवढे स्पीकर. सकाळी बॅटरी झोपलेली असते. मग आमच्याकडं येऊन म्हणतात, चार्जिंग चढवून द्या. खरा उपाय म्हणजे मोठा अल्टरनेटर, पण तेवढं थांबायला हंगामात वेळ कुणाला? म्हणून या भागात एक युक्ती चालते. अल्टरनेटरची वीज मापात ठेवतो तो रेग्युलेटर; त्याला एक बारीक तार असते, तिच्यातून तो बॅटरी किती भरली ते बघतो. त्या तारेत दोन डायोड घातले की त्याला सव्वा व्होल्ट कमी दिसतं. त्याला वाटतं बॅटरी उपाशी आहे, आणि तो वाढतच राहतो. ट्रॅक्टरच्या जाड बॅटरीला हे खपून जातं. पाणी आटतं, ड्रायव्हर पाणी ओततो, बॅटरी लवकर मरते, आणि तोवर गाणी तर वाजतात.

अशा चढवलेल्या तारा मी करून खिळ्याला टांगून ठेवायची. डायोड सोल्डर करायचे, वरून काळी नळी चढवायची आणि नळीची दोन्ही टोकं विडीला बांधतो तशी दोऱ्यानं बांधायची. उन्हात चिकटपट्टी सुटते, दोरा सुटत नाही. चाचांचा मात्र नियम होता, आणि तो नियम म्हणजेच त्यांच्या दुकानाचं नाव होतं: गाडी डोळ्यानं बघितल्याशिवाय चढवलेली तार कुणाच्या हातात द्यायची नाही. आपण बघायचं, आपणच बसवायची.

आता विमान. आमच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. फौजेत सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपात गेली. परत आल्यावर चार वर्षं ऊस केला आणि मग उसाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच माणूस बसेल असं विमान बांधायला घेतलं. नळ्यांचा सांगाडा, पंखांवर ताणलेलं कापड, पुढं एका जुन्या छोट्या कारचं इंजिन आणि त्याला पंखा. गाव येता-जाता विचारायचं, "काय सुभेदार, औषध मारायला का वरनं?" ते म्हणायचे, "तुमच्यावरच मारतो आधी." गावची सून म्हणून मी त्यांना मामा म्हणते.

एक दिवस ते अल्टरनेटर पोत्यात गुंडाळून दुकानात आले.

"चाचा, इंजिन माझं. वीज तुमची."

"माझी न्हाई. डोळं गेलं माझं. हिच्याकडं द्या," चाचा म्हणाले.

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, जमंल?"

जमेल, मी म्हणाले. मी मुळात भित्री. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारी. आणि इथं गोष्ट साधी नव्हती. त्या इंजिनाची ठिणगी एका इलेक्ट्रॉनिक डब्यातून निघायची. वीज प्रमाणाबाहेर चढली की डबा जळणार, डबा जळला की इंजिन बंद. दुसरं, वजन वाचवायला त्यांनी लिथियमची हलकी बॅटरी घेतली होती आणि ती सीटच्या बरोबर मागं बसवली होती. पंधरा व्होल्टच्या पुढं नेली की ती तापते, फुगते, पेटूही शकते. सुभेदारांची पाठ आणि ती बॅटरी यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी. मी जो रेग्युलेटर निवडणार, त्याच्या भरवशावर एक जिता माणूस वर जाऊन बसणार होता. ट्रॅक्टर बंद पडला तर ड्रायव्हर खाली उतरतो. हा कुठं उतरणार?

त्या अल्टरनेटरच्या पोटातच कंपनीचा रेग्युलेटर होता. सुटसुटीत, तारा कमी. पहिल्यांदा मलाही वाटलं, हाच राहू दे. पण चाचा म्हणाले, "चांगला कसा चालतो त्ये सगळीच बघत्यात. तू मरतो कसा त्ये बघ."

मग आम्ही मारून बघितला. दुकानात एका पिठाच्या गिरणीच्या मोटरवर पट्टा लावून अल्टरनेटर फिरवायची सोय आहे, आणि लोड म्हणून फळीवर हेडलाइटचे दिवे. पोटातला रेग्युलेटर आतून मुद्दाम जोडून टाकला, बिघडल्यावर व्हावा तसा. दिवे पिवळ्याचे पांढरे झाले आणि फट्फट् उडाले. मी बाहेरची तार काढली. काही फरक नाही. तो एकदा सुरू झाला की स्वतःच्याच विजेवर चालतो, बाहेरून त्याला थांबवायला हाताशी काहीच नाही. मोटर बंद केली तेव्हा थांबला. वर गेल्यावर काय बंद करणार, इंजिन?

मग मी अल्टरनेटर खोलून पोटातला काढला आणि बाहेरून लावायचा, जाड, जुन्या धाटणीचा, ट्रॅक्टरला बसतो तो रेग्युलेटर जोडला. त्यालाही तसाच मारला. दिवे पुन्हा पांढरे व्हायला लागले. पण यात अल्टरनेटरला जागं ठेवणारी वीज एका तारेतून बाहेरून जाते. त्या तारेत मी बटण घातलं होतं. बटण पाडलं, दिवे विझले. एवढंच. तेच बटण सुभेदारांच्या डाव्या अंगठ्याखाली आलं की काम झालं. बिघडलं तर पाडायचं, उरलेल्या बॅटरीवर खाली यायचं. चांगला रेग्युलेटर लावून मी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरवला. चौदा पूर्णांक दोन व्होल्ट, हवे तेवढेच. काटा हलला नाही.

सुभेदारांचा एक सल्लागार होता. पुण्याहून महिन्यातून एकदा गाडीनं यायचा, कॉलेजात शिकवायचा. नकाशे, वजनाची गणितं, कागदपत्रं, हे सगळं त्यानं पुष्कळ केलं, नाही म्हणत नाही. त्यानं माझा रेग्युलेटर हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"विमानाला ट्रॅक्टरचा रेग्युलेटर! उद्या वेसणही घालाल."

शेडमधले सगळे हसले. मग तो सुभेदारांना म्हणाला की बाहेरचा रेग्युलेटर म्हणजे चार तारा जास्त, आठ जोड जास्त, आणि कंपन पावणाऱ्या सांगाड्यात प्रत्येक जोड म्हणजे तुटायची एक जागा. हे बोलणं खोटं नव्हतं. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि मी चाचांना तसं बोललेही. पण पोटातला बिघडला तर थांबवायचा कसा, हे मी विचारलं. त्यानं उलट विचारलं, "ताई, तुमचं शिक्षण किती?"

राग मला या प्रश्नाचा नाही. शिक्षण किती हे विचारावं, मी सांगते, आठवी. राग याचा की तो प्रश्न उत्तराच्या जागी वापरला. माझ्या प्रश्नाला त्याच्याकडं जवाब नव्हता, आणि तरी खाली मान माझी गेली.

सुभेदारांना मात्र मी दिवे उडवून दाखवले. त्यांनी स्वतःच्या हातानं बटण पाडलं, पुन्हा पाडलं, आणि म्हणाले, "हेच लावायचं. ऑर्डर इज ऑर्डर." मी दोन दिवस शेडमध्ये बसून तारा ओढल्या. मीटर चौदा दोन.

पुढं हंगाम तापला आणि मला शेडकडं जायला महिनाभर जमलं नाही. सुभेदारांनी एक रविवार ठरवला, माळावर जोरात पळवायचं. परवानगीची कागदं अजून वरच्या ऑफिसात होती, म्हणून नुसतं पळवायचं असं बोलणं. पण ते जरासं उचलून बघणार हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. आठवडाभर आधी शेडबाहेर पूर्ण वेगात इंजिन चालवायची चाचणी होती. सल्लागार आला, गाव जमलं. विमानाची शेपूट पुतण्याच्या ट्रॅक्टरला दोरानं बांधली. पुतण्या म्हणजे सुभेदारांच्या भावाचा मुलगा, ऊस ओढायचे दोन ट्रॅक्टर त्याचे, आणि विमानाला त्यानंच सगळ्यात जास्त हात लावला होता.

इंजिन चढलं. पंख्याच्या वाऱ्यानं पाचोळा उडाला. मी बाजूला उभी राहून काचेतून आतला मीटर बघत होते. चौदा पाच. पंधरा. पंधरा पाच, आणि तिथंच.

"मामा, बटण!" मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? मी अंगठा खाली करून दाखवला. त्यांनी बटण पाडलं, मीटर झर्रकन तेराच्या खाली आला, इंजिन सुरळीत चालत राहिलं. मग त्यांनी ते सावकाश बंद केलं. बॅटरीला हात लावला तर कोमट.

म्हणजे मी निवडलेली गोष्ट जे करायला निवडली होती तेच तिनं केलं होतं. दुसऱ्या जागी माणसानं म्हटलं असतं, बटण होतं म्हणून वाचलो. इथं सल्लागार पुढं आला आणि म्हणाला, "गेला तुमचा ट्रॅक्टरचा रेग्युलेटर. मी सांगितलं होतं. माझ्या गाडीत पोटातल्या रेग्युलेटरचा नवीन अल्टरनेटर आहे, आत्ता बसवून टाकू."

मी म्हटलं, "रेग्युलेटर गेला असता तर आकडा याच्याही वर गेला असता. हा पंधरा पाचवर थांबला. कुणीतरी त्याला चुकीचं दाखवून राहिलं. मला तारा बघू द्या."

"दाखवून राहिलं!" मागून कुणीतरी माझी नक्कल केली. हशा पिकला.

सल्लागार म्हणाला, "हे बघा, हा चुलीवरचा भात नाही, चमचा घालून बघायला. माणूस बसणार आहे आत."

माणूस बसणार आहे! हे मला सांगत होता. ज्या माणसाच्या पाठीचा विचार करून महिनाभर माझा घास तोंडात फिरत होता, तो माणूस आत बसणार आहे हे मला सांगत होता. मी सुभेदारांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. फौजेत जन्म गेलेला माणूस, कागद असणाऱ्याचं ऐकायची सवय. "सूनबाई, आता साहेब म्हणतात तसं करूया," ते हळू म्हणाले.

मी मिळेल त्या वडापच्या जीपनं इस्लामपूर गाठलं. दुकानापुढं चार ट्रॅक्टर उभे होते. चाचांना सांगताना मला धड रडताही येईना. त्यांनी सगळं ऐकलं, एकच विचारलं: "पंधरा पाचवर थांबला? पुढं न्हाई गेला?"

"नाही."

त्यांनी शटर ओढलं. ऐन हंगामात, दुपारी बारा वाजता. ट्रॅक्टरवाले ओरडले, "आवं चाचा, आमी काय करायचं?"

"च्या प्या," चाचा म्हणाले आणि मोपेडवर बसले.

आम्ही पोचलो तेव्हा सल्लागारानं माझ्या अल्टरनेटरचा पट्टा सोडवायला घेतला होता. चाचा विमानापुढं जाऊन पंख्याला टेकून उभे राहिले.

"एक तास द्या पोरीला. मग काय काढायचं त्ये काढा."

"चाचा, तुम्ही मोठे आहात, पण हा तांत्रिक विषय आहे," सल्लागार म्हणाला.

"व्हय. म्हणूनच मी गप बसतो, ती बोलंल. तुमीबी जरा बसा."

सुभेदारांनी मान हलवली. पट्टा परत चढवला, इंजिन सुरू करून निम्म्या वेगावर ठेवलं. मी मीटरची सुई बॅटरीवर ठेवली: पंधरा चार. मग रेग्युलेटर जिच्यातून बॅटरी बघतो त्या बारीक तारेच्या रेग्युलेटरकडच्या टोकावर ठेवली: चौदा दोन. एकच तार, एका टोकाला एक आकडा, दुसऱ्या टोकाला दुसरा. रेग्युलेटर बिचारा त्याला दिसत होतं ते चोख धरून बसला होता. हे मी सल्लागाराला दाखवलं. त्यानं दोनदा स्वतःच्या हातानं मोजलं आणि मीटर माझ्या हातात परत ठेवला.

इंजिन बंद करून मी ती तार सीटखालून ओढून काढली. मी घातली होती ती लाल, सलग होती. ही काळी. मध्यावर नळी, आणि नळीच्या दोन्ही टोकांना विडीचा दोरा.

ती गाठ या तालुक्यात माझ्याशिवाय कुणी बांधत नाही.

नळी कापली, आत दोन डायोड. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या ट्रॅक्टरला तशीच तार होती, त्यांनी लांबूनच ओळखली. "ही तर चाचाच्या दुकानची," कुणीतरी म्हणालं. "गाठ वैनीची हाय," दुसरा म्हणाला.

सल्लागार परत पुढं सरसावला. "म्हणजे तुमचंच काम! बॅटरी पेटली असती तर? सुभेदार, मी सांगत होतो ना!" आणि गावाची कुजबुज सुरू झाली. गोंदियाची. गोंदियाचीनं केलं. परकी ती परकीच.

तेव्हा पुतण्या पुढं आला. तोंड पडलेलं. "वैनीनं न्हाई बसवली, काका. मी बसवली. इंजिन स्लोवर असलं की चार्जिंग तेरावरच दिसायचं. म्हटलं, काकांच्या विमानाला कमी पडायला नको. आपण ट्रॅक्टरला करतो तसं केलं."

आता यावर रागवायचं तरी कसं? त्यानं मायेनंच केलं होतं. सगळ्या जगात इथल्याच माणसाला सुचेल असा तो प्रकार. चुलत्याच्या जिवाखाली जाळ लावला, आणि का, तर कमी पडू नये म्हणून. पण मला राग आला. त्याचाही, आणि त्या मायेचाही.

"आणि तार कुणी दिली तुला?" सुभेदारांनी विचारलं. शांत आवाजात. "चाचांच्या दुकानातनं गाडी बघितल्याबगर तार भाईर पडत न्हाई."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मला आठवलं. हंगामाची गर्दी, माझ्या दोन्ही हातांत काम, तो दारातून म्हणाला होता, वैनी, एक चढवलेली तार टाका की. मी खिळ्याची तार काढली आणि फेकली. कुठल्या गाडीला हे विचारलंसुद्धा नाही. त्याच्या ट्रॅक्टरला अशा किती बसवल्या होत्या!

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. खरंच आला नाही. मला नळ दिसला, हंडे दिसले, नवऱ्याचा चेहरा दिसला.

"तार मी दिली," चाचा म्हणाले.

"तुमी? गाडी बघितल्याबगर?"

"व्हय. गडबडीत दिली. आणि ही असली तार करायची अक्कलबी माझीच, पोरीची न्हाई. ती मी सांगतो तसं बांधती. बॅटरीला खोटं बोलायचं मी शिकवलं सगळ्यांस्नी. आता हिला नवी तार वढू द्या, आन् तुमी तिच्या कामावर बोट दावू नका."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारा झाला चाचा." दुसऱ्यानं री ओढली. हेच लोक दर हंगामाला येऊन त्यांच्या मागं लागायचे, चाचा, अजून एक डायोड घाला, स्पीकर दबतोय. चाचा नाही म्हणायचे, तर रुसून जायचे. तीच तोंडं आता चुकचुकत होती. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायचा हक्क त्या क्षणी त्या शेडमध्ये सगळ्यात कमी मला होता. पुतण्या चाचांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि तोही गप्प राहिला.

मी नवी तार ओढली. एक सलग, बॅटरीपासून रेग्युलेटरपर्यंत मध्ये जोड नाही. सल्लागार बाजूला उभा राहून बघत होता. "इथं आणि इथं सांगाड्याला बांधा, नाहीतर घासेल," म्हणाला. बरोबर होतं, मी बांधली. माफी त्यानं मागितली नाही. चाचांना तांत्रिक विषय शिकवायला निघालेला माणूस, जाताना त्यांना नमस्कारही न करता गाडीत बसला. त्याचा अल्टरनेटर डिकीतच राहिला.

रविवारी माळावर सुभेदारांनी विमान पळवलं. दोनदा नुसतं, तिसऱ्यांदा चाकांनी जमीन सोडली. माणसाच्या कमरेएवढं वर, पन्नास-साठ पावलं, मग धप्पकन खाली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ते हेल्मेट काढून माझ्याकडंच येत होते.

"सूनबाई, चौदा दोन. सुरुवातीपासनं शेवटपर्यंत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नळावरच्या बायकांनीही. मला त्या टाळ्या टोचल्या. चाचा आले नव्हते. हंगाम आहे, म्हणाले होते. खरं कारण मला माहीत होतं. ते समोर दिसले की लोकांनी परत 'म्हातारा झाला' म्हटलं असतं, आणि तेव्हा तरी मी खरं बोलून बसले असते.

त्या हंगामात तीन ट्रॅक्टरवाले दुसऱ्या दुकानाकडं गेले. ज्या नियमावर चाचांचं आयुष्यभराचं नाव होतं, तोच नियम त्यांनी मोडला अशी गावोगावी बोलवा झाली. चाचांनी खिळ्यावरच्या सगळ्या तारा काढून कापल्या, डायोड डबीत ठेवले आणि दारावर खडूनं लिहिलं, चार्जिंग चढवून मिळणार नाही.

मी विचारलं, "चाचा, काहून घेतलं अंगावर?"

ते एका मोटरचं आर्मेचर पुसत होते. "मी चुकलो तर लोक म्हणतील, म्हातारा झाला. दोन म्हैनं म्हणतील आन् विसरतील. तू चुकलीस तर म्हणतील, बघा, आमी म्हणत न्हवतो? त्ये कधी विसरत न्हाईत."

मला त्यांचा राग आला. ते खरं बोलत होते म्हणून जास्तच आला. असं गणित एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला मांडावं लागतं, आणि ते दर वेळी बरोबरच येतं, याचा राग अजून गेलेला नाही.

पण लोकांवर रागवून माझं देणं फिटत नाही. चाचा, तुमच्या डोळ्यांना हे वाचता येणार नाही, कुणीतरी वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची माझ्यात आज छाती नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण एक दिवस मी त्याच शेडमध्ये उभी राहणार. सुभेदारमामा असतील, पुतण्या असेल, तुम्हाला म्हातारा म्हणणारे असतील. त्यांच्यासमोर सांगेन, तार मी दिली होती, गाडी न बघता, गोंदियाचीनं दिली होती, चाचांनी नव्हे. मग हसायचं त्यांनी हसावं. तुमचं नाव तुम्हाला परत केल्याशिवाय मी राहणार नाही, आणि ते तुमच्या हयातीत करीन.